रोज एक स्ट्रिप कुठनं आणायची: सांगलीतल्या एका चित्रकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल असली कामं. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते एका हायस्कूलला कलाशिक्षक आहेत, वय पन्नाशीच्या जरा अलीकडं, मी त्यांना दादा म्हणतो म्हणून इथंही दादाच. त्यांचं नाव, शाळा, पेपर आणि पेपरातल्या त्यांच्या हास्यचित्रांच्या पट्टीचं, म्हणजे स्ट्रिपचं, नाव त्यांच्याच सांगण्यावरून बाजूला ठेवलंय, शेजारपाजारच्यांच्या खुणाही बदलल्यात. बाकी जे झालं ते तसंच्या तसं आहे. दादांना विचारूनच लिहितोय, कारण स्ट्रिप काढायची इच्छा असलेली बरीच पोरं दुकानात येऊन मला एकच प्रश्न विचारतात, की सुचतं कसं?

दादा चार वर्षं एका स्थानिक पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तीन चौकटींची स्ट्रिप काढत होते. आठवड्याला एक. पेन्सिलनं काढायची, शाईनं पक्की करायची, स्कॅनला माझ्याकडं आणायची आणि माणसांच्या बोलण्याच्या फुग्यातला मजकूर मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा. फुग्यात मराठी बसवणं हे काय काम आहे ते करणाऱ्यालाच कळतं. वेलांट्या न् रफार वर जागा खातात, उकार खाली खातात, आणि 'सांगितल्याप्रमाणे' असा एक शब्द आला की अख्खी ओळ तोच गिळतो. त्यामुळं पहिल्या महिन्यापासूनच मी म्हणायला लागलो, दादा यातले चार शब्द काढा की. ते काढायचे आणि स्ट्रिप हमखास सुधारायची. पुढं जे झालं त्याचं मूळ माझ्या मते इथंच आहे.

आठवड्याला एक होती तोवर कधी अडलं नाही. सात दिवसांत घरात, शाळेत, रस्त्यावर एक तरी गोष्ट अशी घडतेच की ती सांगावीशी वाटते. मग एके दिवशी संपादकांनी विचारलं, सोमवार ते शनिवार रोज द्याल का? दादांना आभाळ ठेंगणं झालं. १९९१ साली सकाळमध्ये चिंटू ही स्ट्रिप सुरू झाली तेव्हा दादा शाळेत होते, सकाळी आधी चिंटू आणि मग बाकीचा पेपर, कात्रणं कापून वहीत चिकटवायचे. ती वही अजून आहे त्यांच्याकडं, मी बघितलीय. आपलं पण रोजच्या पेपरात असं काहीतरी असावं हे तेव्हापासूनच मनात होतं. त्यांनी लगेच हो म्हटलं. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला ३१२, हा गुणाकार त्या दिवशी त्यांनीही केला नाही आणि मीही नाही.

अडचण

सुरू करताना हातात चाळीस स्ट्रिप तयार होत्या. चाळीस म्हणजे आम्हाला डोंगर वाटला होता. सात आठवडे पण पुरल्या नाहीत.

त्यानंतर रोजचं रोज सुरू झालं. शाळा सुटून घरी यायला साडेपाच, चहापाणी होऊन टेबलावर बसायला सात, आणि पान दहाला लागायचं. या तीन तासांतच सुचायचंही आणि काढायचंही. सुचायला साडेनऊ वाजले की चित्र कसंबसं उरकायचं. दादांची रेघ म्हणजे त्यांचा जीव, आणि त्या दिवसांतल्या रेघा बघवत नाहीत, माणसांना पाय नसायचे, कमरेच्या वरच काढायचे कारण पाय काढायला वेळ नसायचा. आणि मजकूर? नवरा-बायको, डॉक्टर-पेशंट, मोबाईलचं चार्जिंग, मास्तर आणि बंड्या. सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलेलं.

मग एका सकाळी पेपरच्या ऑफिसात एका वाचकाचा फोन आला. रागानं नाही, सहजच बोलले ते, की काल छापलेलं माझ्या भाचीनं गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं. दादांनी काही जाणूनबुजून उचललं नव्हतं, स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलेलं कानावर पडलं आणि रात्री नऊ वाजता ते स्वतःचंच म्हणून वर आलं. पण छापलेलं ते छापलेलं. संपादक चांगले, ते एवढंच म्हणाले की महिनाअखेरपर्यंत बघा, जमत नसेल तर आपण रविवारचंच ठेवू.

त्या रात्री दादा दुकानात येऊन बसले. मी शटर अर्धं ओढलं होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला वाटत होतं मला सुचतंय. मला आठवत होतं रे नुसतं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

काय काय पर्याय होते

पहिला सरळ, रविवारवर परत जायचं. यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं आणि मी तेच सुचवलं. जगातले मोठमोठे लोक थांबलेत. केल्विन अँड हॉब्जवाले बिल वॉटरसन १९८५ ला सुरू झाले, मधे दोनदा लांब सुट्टी घेतली आणि १९९५ च्या शेवटच्या दिवशी कायमचे थांबले, स्ट्रिप जोरात चालू असताना. पण ते थांबले तेव्हा वाचक त्यांची वाट बघत होते. आमच्या इथं ती जागा एकदा रिकामी झाली की तिथं क्लासची जाहिरात बसणार आणि ती परत उठणार नाही, हे दादांना पक्कं माहीत होतं.

दुसरा, वाचकांकडून विनोद मागवायचे आणि त्यावर चित्र काढायचं. संपादकांना हे आवडलं होतं. पण येणार काय? तेच फॉरवर्ड. ज्या खड्ड्यात पडलो तोच आणखी खोल खणायचा.

तिसरा, रोजच्या बातमीवर काढायचं. हा पर्याय मोहाचा होता कारण बातमी रोज आयती येते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून कॉमन मॅन घेऊन वर्षानुवर्षं तेच केलं, पण ते दिवसभर पेपरच्या ऑफिसात बातमीच्या शेजारी बसलेले असायचे, दादा दिवसभर सातवी ब ला रंगचक्र शिकवत असतात. शिवाय अनुदानित शाळेतल्या शिक्षकानं रोज राजकारणावर काढायचं यात नोकरीचा घोर. आणि खरं कारण वेगळंच आहे, ते कामच वेगळं. बातमीवरचं व्यंगचित्र एका चौकटीत भाष्य करतं, स्ट्रिपला रोज त्याच माणसांच्या घरी जायचं असतं.

चौथा, दोघांनी मिळून करायचं. चिंटू पण चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा. दादांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हटलं. मला खोटं कळतं, पण खरं लिहिता येत नाही. मी म्हटलं, वाचून दाखवा, मी ऐकतो, खोटं वाटलं की सांगतो. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण मी लिहायला बसलो असतो तर सांगायला कुणी उरलंच नसतं.

दादा मात्र वेगळ्याच गोष्टीला धरून बसले होते. चार्ल्स शुल्झ यांनी पीनट्स ही स्ट्रिप १९५० ते २००० जवळजवळ पन्नास वर्षं काढली, १७,८९७ स्ट्रिप, आणि सगळं एकट्यानं, हाताखाली चित्रं काढायला माणूस ठेवला नाही. त्यांची शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली आणि आदल्या रात्री ते गेले. दादा म्हणायचे, "त्यांना सतरा हजार सुचल्या आणि मला सत्तर नाय?" हा आकडा त्यांनी स्वतःला मारायला घेतला होता असं मला वाटायचं. पण एकदा बोलता बोलता त्याच आकड्यातून वाट निघाली. मी विचारलं, त्यातली तुम्हाला कुठली आठवते? ते म्हणाले, लुसी फुटबॉल धरून बसते, चार्ली ब्राऊन पळत येतो, ती ऐनवेळी बॉल काढून घेते आणि तो आपटतो. मी म्हटलं, ती एकच स्ट्रिप आहे का? म्हणाले, नाय, दरवर्षी परत परत काढली त्यांनी.

मग दोघंही गप्प. म्हणजे विनोद एकच. लोकांना शेवट माहीत आहे तरी वाचतात, कारण चार्ली ब्राऊन परत विश्वास ठेवणार हे बघायचं असतं.

काय केलं

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवलं आणि छापून आलेल्या रोजच्या सगळ्या स्ट्रिप फरशीवर पसरल्या. सत्तर होत्या. मी एक साधी गोष्ट केली, कोरलमध्ये फाइल उघडून फुगे आलटून पालटून टाकले. याचं वाक्य त्याच्या तोंडात, बायकोचं नवऱ्याच्या, पेशंटचं डॉक्टरच्या. आणि प्रिंट काढून बघितलं.

बहुतेक स्ट्रिपला काही फरकच पडला नाही! कुणीही बोललं तरी चालत होतं. म्हणजे विनोद आधी आणि माणसं नंतर चिकटवलेली. असा गठ्ठा निघाला बावन्नचा. उरलेल्या अठरांत मात्र फुगे बदलले की स्ट्रिप मरायची. त्या अठरांपैकी अकरांत आप्पा होते.

आप्पा म्हणजे दादांच्या स्ट्रिपमधले आजोबा. पहिल्या वर्षी असेच एकदा काढलेले, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते, आता घरी बसतात. दादांनी त्यांना आत्तापर्यंत इतरांसारखंच वापरलं होतं, आज आप्पा, उद्या डॉक्टर. त्या दिवशी दादांनी वही काढली आणि आप्पांवर पानभर लिहिलं. कसे दिसतात ते नाही, त्यांना काय हवंय आणि ते का मिळत नाही एवढंच. दुकानात चाळीस वर्षं सगळे त्यांना विचारून करायचे, आता घरात कुणी विचारत नाही. म्हणून ते न विचारता हिशोब सांगतात, गॅस किती दिवस गेला, काडेपेटीत काड्या किती निघाल्या, पाव्हणा किती वेळ बसला. हे लिहून झाल्यावर दादा म्हणाले, "आता मला यांची कीव येतीय." मी म्हटलं, मग आता जमलं.

मग स्ट्रिपमधल्या काकू. काकू आधी फार बोलायच्या, पंच, म्हणजे शेवटचं हसवणारं वाक्य, त्यांनाच द्यायचे. आता ठरलं की काकू बोलणारच नाहीत, बोलल्या तर महिन्यात एखाददा. त्यांना जे म्हणायचं ते भांडं ठेवण्यातनं, पाठ वळवण्यातनं कळलं पाहिजे. शि. द. फडणीसांची चित्रं दादा पोरांना वर्गात दाखवतात, शब्द एक नाही आणि सगळं बोलतात, तेव्हा हे जमतं हे त्यांना माहीत होतं, फक्त रोजच्या घाईत धीर होत नव्हता. मग नात, बारकी, तिसरीत आहे, आप्पांचं प्रत्येक वाक्य खरं मानते आणि भलत्या ठिकाणी जाऊन बोलते. आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सांगली-मिरज वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी गाडी, चालवतो, सीट भरेपर्यंत "निघालोच" म्हणत उभा राहतो, घरीही तसंच, जेवायला हाक मारली की "निघालोच".

एवढी चार माणसं, पाचवी शेजारची मावशी, तिच्याबद्दल पुढं.

यानंतर सुचायची पद्धतच बदलली. दादांनी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर एका बाजूला माणसं लिहिली आणि वरच्या बाजूला रोजच्या गोष्टी, चहा, लाइट, दळण, रेशन, पाणी, पाव्हणे, ताप, लग्नाचं बोलावणं. आता विनोद शोधायचा नाही, फक्त विचारायचं की लाइट गेली तर आप्पा काय करतील? वेळ लिहून ठेवतील. बारकी काय करेल? आली की आप्पांना उठवून वेळ सांगेल, रात्री दोनला. काकू? काकूंनी लाइट जायच्या आधीच मेणबत्ती काढून ठेवलेली असेल. झाल्या की तीन. यातली तिसरी छापली तेव्हा एकही शब्द नव्हता आणि त्या दिवशी ऑफिसात फोन आला, चांगला फोन.

लिहायचं आणि काढायचं वेगळं केलं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानंच पडला, पोरं याला सगळ्यात कमी महत्त्व देतात. रविवारी सकाळी सहा ते दहा फक्त लिहायचं, पेन्सिलनं ठोकळ्यासारखी माणसं, आणि पंधरा कच्च्या स्ट्रिप झाल्याशिवाय उठायचं नाही. शेवटच्या पाच फार वाईट व्हायच्या आणि त्यातच एखादी उत्तम निघायची, कारण सोपं सगळं पहिल्या दहांत संपलेलं असायचं. सोमवारी रात्री दुकानात वाचन. दादा आवाज बदलून वाचायचे, तरुणपणी एकांकिका केलेल्या, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं तिथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आधी चित्र न दाखवता नुसतं वाचायचे. नुसत्या वाचण्यावरच मला सगळं कळलं तर चित्र कशाला पाहिजे? मग मजकूर झाकून नुसतं चित्र. त्यातही सगळं कळलं तर फुगे काढून टाकायचे. पंधरांतून सहा ठेवायच्या, नऊ फाईलला लावायच्या, फाडायच्या नाहीत.

आणि तीन आठवड्यांचा म्हणजे अठरा स्ट्रिपचा साठा कायम ठेवायचा. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद साठवायला जमिनीत पेवं असायची, त्यावरून आम्ही त्या फोल्डरला पेव नाव दिलं. पेवात अठरा असल्या की दादांना रात्री झोप लागते.

खिशातली वही पण बदलली. आधी त्यात विनोद असायचे, आता माणसं कशी बोलतात ते असतं. वडापमध्ये मागच्या सीटवर, न्हाव्याच्या दुकानात, सुट्टीत हळदीच्या सौद्याला. एका हमालाचं वाक्य आहे त्यात, "पोतं हलकं हाय, पावती जड हाय." ते तसंच्या तसं कधी वापरलं नाही, पण त्यावरून आप्पांचं बोलणं सुधारलं. आधी आप्पा पुस्तकी बोलायचे.

एक स्ट्रिप जवळून

पावसाळ्यातली एक सांगतो, कारण तिचे चारही खर्डे माझ्याकडं आहेत.

बाहेरच्यांसाठी, पावसाळ्यात सांगलीत भेटल्यावर पहिला प्रश्न असतो "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात.

पहिल्या खर्ड्यात आप्पा चहाचा अर्धा कप बघून म्हणतात, "एवढा पाऊस पडतोय, नदीला पूर येतोय, पण या घरातल्या चहाला काही पूर येत नाही." चौदा शब्द आणि ऐकल्यावर फॉरवर्ड आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, हे आप्पा नाहीत, हे विनोद सांगणारं कुणीतरी आहे.

दुसऱ्यात आप्पा कपात बघून म्हणतात, "इशारा पातळीच्या खाली हाय." हे चांगलं होतं. तीनशे पैकी अडीचशे दिवस मी हे छापलं असतं. पण दादा म्हणाले की आप्पा काकूंना टोमणा मारतायत, आणि आप्पांची काकूंना टोमणा मारायची हिंमत नाही.

तिसऱ्यात बारकी शाळेची पट्टी कपात बुडवते. गोड होतं, पण आप्पा नुसते बसून राहिले.

चौथा पक्का झाला. पहिली चौकट, आप्पा फोनवर, खिडकीबाहेर पाऊस, "आयर्विनला बत्तीस. चढतंय." दुसरी, काकू पुढ्यात कप ठेवतात, आप्पा कानाला फोन तसाच धरून कपात बघतात, शब्द नाही. तिसरी, काकू पाठमोऱ्या, आप्पा फोनवर, "आमच्याकडं? आमच्याकडं उतरलंय."

सहा शब्द. ज्याच्याशी बोलतायत त्याला वाटतं नदीचं सांगतायत, काकूंना कळलंय की चहाचं, आणि आप्पांना कुणीतरी फोन करून विचारतंय याचा आनंद वेगळाच. दादांनी काकूंची पाठ तीनदा काढली. पहिल्या दोन्हींत खांदे रागावलेले दिसत होते, तिसऱ्यात एक खांदा अगदी किंचित वर आहे, म्हणजे ऐकलंय. मी स्कॅन करताना झूम करून बघितलं, एका रेघेचा फरक.

जिथं चुकलं

हीच स्ट्रिप जूनमध्ये काढून पेवात टाकली होती आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी लागणार होती. सोमवारपासून पाणी चढायला लागलं. मंगळवारी संध्याकाळी मी टाइप केलेलं पान तपासत होतो आणि शेजारचा दुकानदार खालचं सामान वरच्या रॅकला लावत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलेलं आम्ही बघितलंय, ब्रह्मनाळ गावात पुरातनं माणसं बाहेर काढणारी बोट उलटली ते दिवस. मी दादांना फोन केला. त्यांनी एका सेकंदात सांगितलं, काढ. पेवातली दुसरी लावली. पाणी त्या वेळी फार वर आलं नाही, उतरलं, पण हा योगायोग. साठा करून ठेवण्यातला हा धोका आमच्या ध्यानातच नव्हता, काही आठवड्यांपूर्वी हसत लिहिलेलं ज्या सकाळी छापून येतं त्या सकाळी गावात काय असेल सांगता येत नाही. तेव्हापासून पावसाच्या, आजारपणाच्या आणि मरणाबिरणाच्या स्ट्रिपना फाइलच्या नावात तांबडा ठिपका, आणि आयर्विन ३५ च्या वर असलं की पाण्याची एकही स्ट्रिप जात नाही. इशाऱ्यापर्यंत थांबत नाही, नदीकाठच्या गल्ल्यांत जीव आधीच टांगणीला लागलेला असतो.

दुसरी चूक जास्त लागली. शेजारची मावशी.

स्ट्रिपमधली मावशी रोज वाटी घेऊन विरजण मागायला येते आणि तासभर बसते. लोकांना फार आवडली. पण ती दादांच्या खऱ्या शेजारणीवरून जशीच्या तशी उचललेली, चष्म्याची दोरीसुद्धा तीच, "बसत नाय, उभ्या उभ्या आले" हे वाक्यही तिचंच. एक दिवस त्या बाईंच्या सुनेनं पेपर दाखवला. त्या भांडल्या नाहीत. यायच्या बंद झाल्या. दादांच्या घरी तीस वर्षं रोज येणारं माणूस यायचं बंद झालं, आणि वहिनींनी दादांना एवढंच म्हटलं, "त्यांचं घरात कुणी ऐकत नाय म्हणून त्या इथं यायच्या."

दादा त्या रात्री मला म्हणाले की मी आप्पांवर पानभर लिहिलं, यांच्यावर एक ओळ नाही लिहिली. आप्पांना काय हवंय ते विचारलं, मावशीचं फक्त बोलणं उचललं. खरंच होतं ते.

इथं तीन गोष्टी करता येत होत्या. मावशी काढून टाकायची, चेहरा बदलून चालू ठेवायची, किंवा जाऊन बोलायचं. संपादक म्हणाले चेहरा बदला, लोकांना कळणार नाही. दादा आणि वहिनी दोघं जाऊन बसले त्यांच्याकडं, काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मावशी दोन महिने स्ट्रिपमधून गायब ठेवली. परत आणली ती वेगळीच, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली, तीन माणसं मिसळून केलेली, आणि विरजण मागायला येते ते आता आप्पांना हिशोबात काहीतरी विचारायला येते. आप्पांना विचारणारं घरात एक माणूस आलं. त्यामुळं स्ट्रिप बदलली, हे चुकीतनंच आलं असलं तरी त्यासाठी चूक बरी झाली असं मी म्हणणार नाही. शेजारच्या बाई आता येतात, पण रोज नाही.

निकाल

महिनाअखेरीला संपादकांनी काही विचारलं नाही, तोच निकाल समजायचा. रोजची स्ट्रिप चौदा महिने सलग चालली. मग दादांनी स्वतःहून जाऊन शनिवार सोडून मागितला, आता आठवड्याला पाच. रविवारच्या पंधरांच्या आता बाराच होतात, त्यातल्या पाच ठेवतो. पेव दोनदा रिकामं झालं, एकदा मुलाच्या दहावीच्या वेळी आणि एकदा दादांना डेंग्यू झाला तेव्हा, तेव्हा बाजूला लावलेल्या नऊ-नऊंच्या फाईली कामाला आल्या. वर्षापूर्वी जमली नव्हती ती आता जमते, कारण मधल्या काळात माणसं जास्त ओळखीची झालेली असतात.

सगळ्या चांगल्या होतात असं नाही. आठवड्यात एक चांगली, तीन बऱ्या, एक पडते. पण पडलेलीही आप्पांचीच असते, कुणाकडून आलेली नसते. ऑफिसात फोन येतात त्यात विनोद आवडला असं कुणी म्हणत नाही, विचारतात की आप्पा दोन दिवस दिसले नाहीत, बरं आहे ना?

परत करायचं झालं तर

रोजचं हो म्हणायच्या आधी दोन महिने घरीच आठवड्याला सहा करून बघायच्या, न छापता. चाळीस तयार आहेत याला अर्थ नाही, त्या चार वर्षांत साचलेल्या होत्या. आठवड्याला सहा निघतात का हे बघायला पाहिजे होतं आणि ते मी सांगायला पाहिजे होतं, टायपिंग मी करत होतो, वेग मला दिसत होता.

माणसांची पानं पहिल्याच वर्षी लिहायला हवी होती. आणि जिवंत माणसावरून काही घेतलं तर वय, काम आणि बोलण्यातली खूण या तिन्हींपैकी निदान दोन बदलल्याशिवाय माझ्या टेबलावर आणायचं नाही, हे आता ठरलेलं आहे.

फोन आला तेव्हा, त्या फॉरवर्डच्या वेळी, दुसऱ्या दिवशी स्ट्रिपखाली दोन ओळींची दिलगिरी छापायला हवी होती असं मला वाटतं. दादांना तेव्हा धीर झाला नाही, पेपरलाही नको होतं. त्या वाचकाला नंतर दादांनी स्वतः फोन केला, पण ते छापील नव्हे.

सध्या एकाच गोष्टीवर आमचं अडलंय. बारकी तिसरीत आहे ती तीन वर्षं तिसरीतच. दादांचं म्हणणं, येत्या जूनला तिला चौथीत घालू, आप्पांचं सगळं खरं मानायचं वय तिचं संपत आलंय, आणि ती पहिल्यांदा आप्पांची बेरीज चुकलेली दाखवेल तो दिवस काढायचाय मला. मी म्हणतो, नको, मग आप्पांकडं राहिलं काय? त्यांनी त्या दिवसाचे पाच खर्डे करून ठेवलेत. सोमवारी वाचून दाखवतो म्हणालेत.